उंबरावरची गाठोडी

भाद्रपद, सोमवार

पहिली आली ती सगुणाबाई. तिच्या मागं तिची जाऊ, जावेच्या मागं ठकुबाई, आणि ठकुबाई आली म्हणजे अर्धी वाडी आलीच समजायची. मी नाचणीचं पीठ मळत होते. सगुणाबाई दारातच फतकल मारून बसली नि म्हणाली, "आक्का, गाभडली वं माझी चांदी. आठवा लागला हुता."

पीठ तसंच ठेवून उठले. या पावसाळ्यातली ही तिसरी म्हैस. आधी रखमाजी पाटलांची, मग ठकुबाईच्या दिराची, आता ही. तिघींचं रेडकू पोटातच मेलं.

"वार पडली का?" मी विचारलं.

"पडली. पाटीत झाकून ठेवलीया. तुमच्याबिगर कोण बांधणार?"

हे मात्र खरं. आमच्या वाडीत म्हैस व्याली की मागनं पडणारी वार गोणपाटात गुंडाळून उंबराला बांधतात. उंबर चिकाचं झाड, डहाळी मोडली की दुधासारखं गळतं, म्हणून वार उंबरावर चढली की म्हशीचं दूध आटत नाही. आणि बांधायला हात लागतो तो माझा. आधी सासूबाईंचा होता, त्या गेल्यावर माझ्याकडं आला. चाळीस वर्षांत मी मारलेली गाठ सुटली नाही. गाभडलेल्या म्हशीची वार सासूबाई बांधत का, ते आता आठवत नाही. मी बांधते. उलट दोन गाठी जास्त मारते. गेलेलं परत आणायचं तर जोर जास्त लावायला नको का?

ओढ्याकाठी गेलो. दुपारची वेळ, वाडीतल्या बहुतेक म्हशी उंबराच्या गार सावलीत रवंथ करत बसलेल्या. त्यांच्या मधूनच वाट काढत मी गाठोडं चढवलं. खाली टिपके पडतात, कुत्री उड्या मारतात, कावळे टोचा मारतात, त्याला कोण काय करणार. गुरांच्या पाण्याच्या डोणीत हात बुचकळून धुतले नि घरी आले. भाकरी थापल्या, चांगल्या फुगल्या.

ही वही भिमानं दिली. भिमा माझी सून, भोंगवलीची, तिसरी पास. तिनंच दोन पावसाळे बसवून मला अक्षरं शिकवली. परवा म्हणाली, "आत्याबाई, तुमी दिसभर बोलता त्यातलं थोडं लिहून काढा, म्हंजे माज्या कानाला जरा इसावा." जोडाक्षर अडलं की तिलाच हाक मारते, त्यामुळं तिला विसावा काही मिळाला नाही.

बुधवार

वाडीत दुसरं बोलणंच नाही. कुणी म्हणतं घाटाच्या सडकेला सुरुंग लावतात त्या दणक्यानं म्हशी गाभडतात. ठकुबाई म्हणते नजर. नजर कुणाची ते सांगत नाही, पण सांगताना सगळ्यांकडं एकेकदा बघून घेते. रखमाजी पाटलांनी भोरला दरबारात अर्ज दिला, की गुरांचा डाक्तर पाठवा. मला हसू आलं. म्हशीला डाक्तर! पुढं कोंबड्यांना वैद्य येईल.

माझं सगळं ध्यान आमच्या म्हशीकडं, भुरीकडं. भुरी नववा महिना घालवतेय. चौथं वेत. आधीचे तिन्ही रेडेच झाले, नि आता तिचं वय झालं. एकदा तिला रेडी झाली की तिचा वंश गोठ्यात राहिला, मग माझं मागणं संपलं. गेनबा, माझा लेक, म्हणतो, "आये, तू आमच्या लग्नालाबी येवडा घोर केला न्हाईस." नव्हताच केला. भिमा बघितल्याबरोबर पसंत होती.

माझी तब्येत झकास. सांज झाली की अंग तेवढं कणकणतं, पहाटे घामानं चोळी भिजते, कंबर धरते, आणि दहा वाजेस्तोवर मी पुन्हा घोड्यासारखी. भिमा म्हणते ताप आहे. ताप असा नेमानं जाऊन-येऊन राहतो का कुठं? सकाळी गोठ्यातच पेलाभर धारोष्ण दूध पिते, तेच माझं औषध.

पितृपंधरवडा, शनिवार

ठकुबाईची गाभडली. चौथी.

आज नवं गोणपाट काढलं, हळदकुंकू वाहिलं, पाच गाठी मारल्या. ठकुबाई रडत होती, तिला म्हटलं, "ठके, ही गाठ बघ. बैलानं ओढली तरी सुटायची न्हाई." मग मनात आलं, भुरीला का नको हे बळ? घरी जाऊन तिला सोडून आणली नि बरोबर त्या गाठोड्याखाली तासभर उभी केली. तिनं खालचं गवत हुंगलं, चाटलं, चार घास खाल्ले. मला फार बरं वाटलं.

मंगळवार

आले बाई डाक्तर! भोरपर्यंत मोटारीनं, पुढं बैलगाडीनं, आणि ओढ्यापासून चिखलातनं पायी. नाव आनंदराव, पोरसवदा, डोळ्याला चष्मा, एक बूट चिखलात रुतून राहिलेला. बरोबर चिमाजी नावाचा कंपौंडर, हातात पेटी. गेनबानं तो काढून आणला, मी धुऊन चुलीपाशी वाळत घातला, गुळाचा चहा दिला. चिमाजी तीन कप प्याला. असा पाहुणा मला आवडतो.

म्हशींच्या मानेतलं रक्त बारीक नळ्यांत काढून घेतलं. भुरीचंही घेतलं. ती हलली नाही, गेनबाच डोळे मिटून उभा राहिला. मग डाक्तर म्हणाले, म्हशी दुपारी कुठं बसतात ते दाखवा. सगळी वरात उंबराकडं निघाली.

झाडाखाली आल्यावर त्यांनी वर पाहिलं. "आजी, हे काय बांधलंय?"

"म्हशीची वार. ही जुनी सुकल्याली. ही चार वल्ली हैत."

"गाभडलेल्यांची?"

"व्हय तर."

"कोण बांधतं?"

"म्या!" म्हटलं छाती काढून. चिमाजीनं नाकाला रुमाल लावला, ते मला दिसलं.

डाक्तर एका बुटानं नि एका अनवाणी पायानं तिथंच दगडावर बसले. म्हणाले, "आजी, हा रोग एका म्हशीकडून दुसरीला लागतो. त्याचे जंतू सगळ्यात जास्त असतात ते वारेत. वरून थेंब गळतात, म्हशी खालचं गवत खातात, झालं. रोग पोटात गेला."

"जंतू म्हंजे किडं?"

"किड्यांहून बारीक. डोळ्यांना दिसत नाहीत."

"मंग तुमास्नी कसं दिसलं?"

"दुर्बिणीतून."

"दावा दुर्बीण."

"ती पुण्याला आहे."

"मंग म्या पुण्याला येईन तवा बोलू."

बायका फिदीफिदी हसल्या. पाटील खाकरले. डाक्तर मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "बरं. तोवर एवढं करा. ज्यांच्या म्हशी गाभडल्या नाहीत, ते वार कुठं टाकतात ते विचारून बघा. मला सांगू नका, तुम्हीच बघा." आणि सांगितलं की वार कमरेइतक्या खोल खड्ड्यात पुरायची, वर कळीचा चुना. दूध उकळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही.

माझ्या सासूबाईंची रीत हा मला शिकवणार! बूट मात्र त्यांचा चांगला वाळला.

शुक्रवार

तीन दिवस काही लिहिलं नाही. भिमा म्हणाली, "आत्याबाई, घर कसं गप गप वाटतंय." मी बोलत नव्हते ना.

घटस्थापना

इस्माईलकडं गेले होते. इस्माईल सडकेला खव्याची भट्टी चालवतो, ओढ्याच्या पल्याड. वाडीचं दूध त्याच्याकडंच जातं. त्याच्या स्वतःच्या चार म्हशी भट्टीमागं बांधलेल्या असतात. त्याची बायको जाहिदा मोठी कामाची, एका हातानं कढईत उलथनं फिरवते नि दुसऱ्या हातानं पोराला थोपटते. मी दूध द्यायचं निमित्त केलं. एरवी गेनबा जातो.

"आज्जी, आज तुमी सोता?" ती म्हणाली. "बसा. भुरी कशी हाय?"

"बरी हाय. तुज्या म्हशी गं?"

"चारी इयाल्या. दोन रेड्या, दोन रेडं. अल्लाची मेहरबानी."

मी इकडचं तिकडचं बोलले. खव्याचा रंग, तिच्या बहिणीचं लग्न, भोरात साखर चांगली मिळत नाही ते. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "जाहिदा, तुमी वार काय करता गं?"

"पुरते की. त्या बांधाच्या खाली, लई खोल. हितं सडकेवर कुत्री किती, बघताय न्हवं? एकदा वार वढत भट्टीपातुर आणली, तवापासून म्या सोता उभी ऱ्हाऊन पुरून घेते."

"आणि म्हशी उंबराखाली?"

"ओढा वलांडून कशाला जात्याल? हितंच सावली हाय."

खव्याचा गोळा हातावर दिला तिनं. खाल्ला, पण चव कळली नाही. असं माझं कधी होत नाही.

दुसरा दिवस

चुलीतला कोळसा घेऊन गोठ्याच्या भिंतीवर रेघा मारल्या. वाडीत या साली गाभण म्हशी नऊ. पाच उंबराखाली बसतात. त्यातल्या चार गाभडल्या. पाचवी भुरी. उरलेल्या चार वरल्या आळीच्या, त्या टेकाडावरच्या जांभळीखाली बसतात. त्यांतली एक व्याली, तिघी धडधाकट आहेत. इस्माईलच्या चार धडधाकट व्याल्या.

दोनदा मोजलं. मग भिमाला बोलावून मोजायला लावलं. तिनं मोजलं नि पदरानं माझ्या हाताचा कोळसा पुसला.

पहिली गाभडली पाटलांची. तिची वार मी चढवली. नंतरच्या तिघी तिच्याखालीच बसत होत्या. आणि भुरीला मी हातानं धरून नेली.

मी नेली.

पुढचा मंगळवार

रडून झालं. एक दिवस पुरे असतो त्याला.

आज गेनबाला आकडीचा लांब बांबू घेऊन ओढ्यावर नेलं. ओढ्यापासून लांब, माळावर कमरेइतका खड्डा खणला. एकेक गाठोडं खाली घेतलं. गाठ एकही सुटली नाही, कोयत्यानं कापावी लागली. तेवढं समाधान. खड्ड्यात घालून वर इस्माईलनं भोरातनं आणलेला चुना टाकला. झाडाखाली करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

बायका जमल्याच. सगुणाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "आक्का, देवाचं झाड नागवं केलंत! त्या चष्मेवाल्यानं भूल घातली काय तुमास्नी?"

मी हातातला चुना झाडला. म्हटलं, "सगुणे, तुज्या चांदीचं रेडकू म्या घालवलं. ठकीचंबी. नजर कुणाची न्हाई. ही वार म्या वर बांधली, तुमच्या म्हशींनी खालचं गवत खाल्लं. वरल्या आळीला जाऊन मोज, जाहिदाकडं जाऊन मोज. मोजून झालं की माज्या दारात ये नि काय शिव्या द्यायच्या त्या दे. म्या च्या करून ठेवते."

ठकुबाई म्हणाली, "आक्का, तुमी मुद्दाम केलं व्हय?"

"न्हाई."

"मंग च्या पिऊन शिव्या कशा देऊ?" म्हणाली, आणि निघून गेली. सगुणाबाई मात्र सांजेपर्यंत आली नाही. चहाचं आधण रोज ठेवीन.

दसऱ्यानंतर, गुरुवार

डाक्तर दुसऱ्यांदा आले. ह्या वेळी दोन्ही बूट शाबूत. कुंपण बघून चिमाजीला म्हणाले, "लिहून घे." मला अभिमान वाटला, मग कशाचा वाटला ते आठवून ओसरला.

भुरीचं रक्त तपासून आलं होतं. तिलाही रोग आहे.

गोठ्यात जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. डाक्तर मागून म्हणाले, "आजी, रोग असला तरी प्रत्येक म्हैस गाभडतेच असं नाही. जुनी म्हैस तगते कधी कधी. पण तिला इतरांपासून वेगळी बांधा. आणि रेडकू जिवंत झालं तरी वारेत जंतू असणारच. ती पुरायची. जिवंत झालं म्हणून विसरायचं नाही."

"इसरायची न्हाई," म्हटलं.

मग मधेच भिमानं तोंड घातलं. माझं सांजेचं कणकणणं, पहाटेचा घाम, कंबर, सगळं सांगून मोकळी झाली. डाक्तरांनी विचारलं, कच्चं दूध पिता का? वार हातानंच उचलता का? हाताला चिरा आहेत का? शेतात राबणाऱ्या बाईच्या हाताला चिरा नसतील तर काय मेंदी असेल? म्हणाले, तुमचंही रक्त घेतो.

"मला काय शिंगं हैत व्हय?" मी विचारलं. पण दंड पुढं केला. नळीवर चिमाजीनं नाव लिहिलं, भुरीच्या नळीशेजारीच ठेवली. पुण्याला माझं रक्त चाललंय, मी नाही अजून गेले.

वसुबारस

भुरीला दहावा सरला. वेगळी बांधल्यापासून तिला सोबत कुणी नाही म्हणून मी गोठ्याच्या दारातच बाज टाकलीय. दूध आता चांगलं दोन उकळ्या येऊ देऊन पिते. चव गेली त्याची, पण साय येते.

दिवाळी, शुक्रवार

भर दुपारी, गेनबा जेवायला बसलेला, नि भुरीनं कान मागं टाकले. मी ओळखलं. अर्ध्या तासात पुढचे पाय दिसले. मग नाक. नाक हललं! मी इतकी मोठ्यानं ओरडले की गेनबा घास हातात घेऊनच आला. रेडी! काळीभोर, कपाळावर रुपयाएवढा चांद, पडल्या पडल्या शिंकली. भुरी तिला चाटू लागली नि मी दोघींना बघत तिथंच बसले.

वाडी जमली. सगुणाबाईसुद्धा आली, दारात उभी राहिली, आत आली नाही.

सांजेच्या आधी वार पडली. सगळी एकसंध, एवढी मोठी वार मी चाळीस वर्षांत पाहिली नाही. आणि सगुणाबाईच बोलली, "आक्का, ही तरी बांधा. जित्या रेडीची हाय. हिचं दूध आटलं तर?"

खोटं कशाला लिहू. माझा हात गोणपाटाकडं गेला. हाताला ठाऊक आहे ते कसं दुमडायचं, गाठ कुठं घ्यायची. भुरीची वार, भुरीच्या रेडीचं दूध, आणि उंबर तिथं हाकेच्या अंतरावर. सगळ्या माझ्या हाताकडं बघत होत्या.

गोणपाट उचललं आणि वार त्यातच गुंडाळली, गाठ मारली नाही. माळावर गेलो. गेनबानं खड्डा सकाळीच खणून ठेवला होता. आत ठेवली, चुना ओतला, माती मीच लोटली. डाक्तरांनी दिलेल्या लाल औषधाच्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले. सगुणाबाई तांब्यानं पाणी ओतत होती. ओतता ओतता म्हणाली, "वरल्या आळीत मोजून आले म्या. जाहिदाकडंबी."

"मंग?"

"मंग काय? च्या करा."

भाऊबीज झाली, सोमवार

डाक्तर आणि चिमाजी, दोघेही. मी आधीच खरवस वाफवून ठेवलेला, वेलची घालून. चिमाजीनं चार वड्या खाल्ल्या. भुरी भरल्या कासेनं दूध देतेय, हे मी सगुणाबाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

माझ्या रक्ताचा कागद आला. डाक्तर जरा अडखळत म्हणाले, "आजी, म्हशींना जो रोग आहे, तोच तुम्हालाही आहे."

मी थोडा विचार केला. "मंग डाक्तर, आता म्या गाभडणार व्हय?"

भिमा तोंडात पदर कोंबून आत पळाली. डाक्तरांचे कान लाल झाले. म्हणाले, ताप काही महिने येईल-जाईल, खास औषध नाही, विश्रांती घ्या, वारेला हात लावू नका. विश्रांती म्हणजे काय ते भिमाला विचारून सांगते म्हटलं.

तेवढ्यात सगुणाबाई धावत आली. "आक्का, चला बिगीनं! वरल्या आळीची व्याली, वार पडली. खड्डा खणून ठिवलाय, कमरंइतका. पर पुरायला हात तुमचाच पायजे."

"अहो, कुणीही पुरली तरी चालतं," डाक्तर म्हणाले.

सगुणाबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू बिचाऱ्याला काहीच कळत नाही. "असं कसं? आक्कांचा हात हाय त्यो."

डाक्तर पुढं बोलणार होते. चिमाजीनं त्यांच्या ताटलीत आणखी एक वडी ठेवली. ते माझ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "मग आजी, तुम्ही फक्त उभ्या राहून सांगा. फावड्यानं लोटू दे दुसऱ्यानं. चुना तेवढा तुम्ही टाका, लांबनं."

चुन्याचा डबा उचलला. मी पायऱ्या उतरताना डाक्तरांनी हाक मारून सांगितलं, सगळ्या वाडीच्या म्हशींचं रक्त एकदमच घेऊ, येत्या बुधवारी येतो, सकाळच्या मोटारीनं. म्हटलं, या. बुधवारी.